जम्बीरवर्गीय फळांतील घटकद्रव्ये : मस्तिष्कपेशी, कर्करोग आणि वैद्याचे तारतम्य

संत्र्याच्या सालीत कर्करोगावरील औषध सापडले, मोसंबीच्या नित्य सेवनाने विस्मरण टळते, अशा आशयाची वृत्ते गेली कित्येक वर्षे वृत्तपत्रांतून अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. रुग्ण अशी कात्रणे जपून ठेवतात व चिकित्सालयात आल्यावर वैद्यापुढे ठेवून विचारतात, “हे घेऊ का?” प्रश्न साधा दिसत असला, तरी विचारणारी व्यक्ती स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणारी स्त्री असेल किंवा अपस्मारासाठी कार्बामॅझेपिन घेणारा तरुण असेल, तर या प्रश्नाच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. “फळच तर आहे, घ्या” हे उत्तर अशा वेळी पुरेसे नाही. प्रसंगी ते घातकही ठरू शकते. या विषयात खरोखर काय सिद्ध झाले आहे आणि काय केवळ काचेच्या बशीत घडले आहे, याचा परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

संहितांतील दृष्टी

जम्बीरवर्गातील फळे आपणास नवीन नाहीत. मातुलुंग म्हणजे महाळुंग, जम्बीर म्हणजे ईडलिंबू, निंबूक म्हणजे कागदी लिंबू आणि नारंग म्हणजे संत्रे, ही सर्व निघंटूंतून परिचित आहेत. त्यांतही मातुलुंगाचा विचार संहिताकारांनी विशेष बारकाईने केला आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात मातुलुंगाचे केसर लघु व उर्वरित भाग त्याच्या विपरीत असल्याचे सांगितले. सुश्रुताचार्य त्याही पुढे गेले. त्यांनी त्वचा, मांसल भाग व केसर यांचे गुण पृथक् दिले : त्वचा तिक्त, पचण्यास जड व वात, कृमी आणि कफ यांचा नाश करणारी, मांसल भाग स्वादु, शीत, गुरु व स्निग्ध, केसर दीपन, लघु, संग्राही आणि गुल्म व अर्श यांवर उपयुक्त. एकाच फळाचे तीन भाग म्हणजे तीन भिन्न द्रव्ये होत, ही भूमिका येथे स्पष्ट आहे. आधुनिक रसायनशास्त्राने या फळांचे पृथक्करण केल्यावर जे आढळले, ते या भूमिकेशी सुसंगतच आहे. किंबहुना वर्तमानपत्री वृत्तांतील निम्मा घोटाळा ‘संत्रे’ या एकाच शब्दात रस, साल, तेल व बी यांची सरमिसळ केल्याने होतो.

सालीतील, रसातील, तेलातील

सालीच्या बाहेरील रंगीत पापुद्र्यात सूक्ष्म तैलग्रंथी असतात. त्यांतील तेलाचा मुख्य घटक लिमोनीन होय. संत्र्याच्या तेलात त्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते. त्याच सालीत नोबिलेटिन व टॅंजेरेटिन ही मेदात विरघळणारी फ्लॅव्होनॉइडे असतात. सालीखालील पांढऱ्या, कापसासारख्या थरात हेस्पेरिडिन विपुल असते. १८२८ साली लेब्रेतॉं या फ्रेंच संशोधकाने ते याच थरातून वेगळे केले. बियांत व फोडींच्या पापुद्र्यांत लिमोनॉइड गटातील तिक्त द्रव्ये असतात. काढून ठेवलेला संत्र्याचा रस काही वेळाने कडवट लागतो, तो यांच्यामुळे. ग्रेपफ्रूट व पपनस यांच्या कडवटपणाचे कारण मात्र नॅरिंजिन हे निराळेच द्रव्य आहे. या नावाचे मूळ आपल्या ‘नारंग’ शब्दात आहे. संस्कृतातील शब्द फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि रसायनशास्त्राचा वेष घेऊन परत आला, ही गंमत नोंदविण्याजोगी आहे.

आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९३६ साली लिंबातील फ्लॅव्होनॉइडांना ‘जीवनसत्त्व पी’ असे नाव सुचविले होते. केशिकांची भंगुरता कमी करण्याचा गुण त्यांत आहे असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे ती जीवनसत्त्वे नसल्याचे ठरले व ते नाव मागे पडले. परंतु हा उपयोग टिकला. मूळव्याध व शिरांच्या विकारांसाठी औषधविक्रेत्यांकडे मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या सुपरिचित गोळीत ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन व ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असते. येथे काही वैद्यबंधू सुश्रुतोक्त अर्शोघ्नत्वाकडे बोट दाखवतील. परंतु सुश्रुताने तो गुण केसराचा सांगितला आहे आणि हेस्पेरिडिन मुख्यतः सालीखालील थरात आहे. असे मेळ ओढूनताणून घालू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पोटात गेल्यावर काय होते

प्रयोगशाळेत पेशींवर एखादे द्रव्य ओतणे आणि ते मनुष्याच्या मुखातून देणे यांत महदंतर आहे. हेस्पेरिडिन शर्करेशी जोडलेले असते व पाण्यात फारसे विरघळत नाही. डबाबंद संत्र्यांच्या फोडींच्या पाकात कधीकधी पांढरट गढूळपणा दिसतो, तो हेस्पेरिडिनच्या स्फटिकांचाच. असे हे द्रव्य लहान आतड्यातून जवळजवळ तसेच पुढे सरकते. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याची शर्करा तोडतात, तेव्हा हेस्पेरेटिन मुक्त होऊन शोषले जाते. म्हणूनच संत्र्याचा रस प्यायल्यानंतर रक्तातील त्याची पातळी तत्काळ न वाढता पाच ते सात तासांनी उच्चतम होते.

फ्रान्समधील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अर्धा लिटर रस घेतल्यावर ही उच्चतम पातळी दर लिटर रक्तद्रवात सरासरी ०.४६ मायक्रोमोल, तर एक लिटर रस घेतल्यावर १.२८ मायक्रोमोल भरली. त्यातही बहुतेक अंश यकृत व आतड्याने रूपांतरित केलेला होता. याउलट पेशींवरील बहुसंख्य प्रयोगांत १० ते १०० मायक्रोमोल इतके तीव्र द्रावण, तेही मूळ स्वरूपात, वापरलेले असते. ‘कर्करोगाच्या पेशी मेल्या’ असे वृत्त वाचताना हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. शोषणाचे प्रमाण माणसागणिक पुष्कळच भिन्न असते, कारण प्रत्येकाच्या आतड्यातील जिवाणू निराळे. याला कोष्ठ व अग्नी यांचा भेद म्हणण्याचा मोह होतो; तो मोह पुढील अभ्यासासाठी राखून ठेवणे बरे.

मस्तिष्कपेशी

रक्त आणि मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडसर बहुतेक द्रव्यांना रोखतो. हेस्पेरेटिन व नॅरिंजेनिन हा अडसर काही अंशी ओलांडतात, असे त्याच्या प्रयोगशाळेतील प्रतिकृतींत दिसून आले आहे. त्यांचे कार्य केवळ ‘ऑक्सिडीकरणविरोधी’ एवढ्यापुरते मानण्याची पूर्वीची पद्धत आता मागे पडली आहे. मेंदूत पोहोचणारी मात्रा इतकी अल्प असते, की तेवढ्याने थेट रासायनिक रक्षण होणे कठीण. त्याऐवजी ही द्रव्ये पेशींतील संदेशवहनाच्या साखळीवर परिणाम करून पेशीचे स्वतःचे संरक्षक विकर वाढवतात व मेंदूतील दाहकारक पेशींचा क्षोभ शमवितात, असा कल आता दिसतो.

नोबिलेटिनवरील काम मुख्यत्वे जपानमध्ये झाले. चेतापेशींसदृश पेशींना ते दिले असता त्यांना नवे तंतू फुटतात, आणि अल्झायमर रोगाची जनुकीय प्रतिकृती असलेल्या उंदरांत त्याने स्मृतिदोष सुधारतो व मेंदूत साचणारे अमायलॉइड कमी होते, असे तेथील संशोधकांनी दाखविले. जपानी पारंपरिक वैद्यकात संत्रावर्गीय फळाची वाळवून मुरवलेली साल ‘चिंपी’ या नावाने वापरतात. नावाचा अर्थच ‘जुनी साल’. पुराण घृत, पुराण गूळ यांची परंपरा असलेल्या आपणास ही कल्पना परकी वाटू नये. नोबिलेटिन अधिक असलेली चिंपी डोनेपेझिल या औषधासोबत वर्षभर दिलेल्या अल्झायमरच्या रुग्णांची माहिती २०१३ साली प्रसिद्ध झाली व ती आशादायक होती. परंतु रुग्णसंख्या डझनाच्या आत होती, हे विसरता येत नाही. एवढ्यावरून कोणत्याही रुग्णास आश्वासन देता येणार नाही.

मनुष्यातील अधिक काटेकोर प्रयोग ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाने २०१५ साली प्रसिद्ध केला. ३७ निरोगी वृद्धांना आठ आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस दिला. त्यात ३०५ मिलिग्रॅम फ्लॅव्होनॉइडे होती. मधे काही काळ सोडून त्याच व्यक्तींना केवळ ३७ मिलिग्रॅम फ्लॅव्होनॉइडे असलेले पेयही तितकाच काळ देण्यात आले. कोणते पेय केव्हा दिले जात आहे, हे घेणाऱ्यास व तपासणाऱ्यास ठाऊक नव्हते. पहिल्या पेयानंतर बौद्धिक चाचण्यांचा एकत्रित निकाल किंचित परंतु निश्चितपणे सरस होता. मात्र हे लोक निरोगी होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना त्याने काय लाभ होईल, हे या प्रयोगातून कळत नाही. शिवाय अर्ध्या लिटर रसात सुमारे ४० ग्रॅम शर्करा असते. आपल्याकडील विस्मरणाच्या वृद्ध रुग्णांत प्रमेही किती असतात हे वाचकांस सांगावयास नको.

मेध्यत्वाचा मुद्दा येथे येतोच. सुश्रुतसंहितेतील मातुलुंगाच्या वर्णनात ‘मेध्य’ हा शब्द आढळतो, हे खरे. परंतु चरकाचार्यांनी मेध्य रसायने म्हणून मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी यांची निवड केली, मातुलुंगाची नव्हे. आहारद्रव्याचा एक गुण आणि चिकित्सेतील प्रधान औषध यांतील हा भेद आचार्यांनी राखला आहे, तो आपणही राखावा.

कर्करोग

या क्षेत्रात सर्वाधिक आशा लिमोनीनने निर्माण केली. उंदरांतील स्तनार्बुदे त्याच्या आहारातील समावेशाने आक्रसतात असे दिसल्यावर ब्रिटनमध्ये मनुष्यांवर चाचणी झाली व तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. बळावलेल्या कर्करोगाच्या ३२ रुग्णांना वाढत्या मात्रेत लिमोनीन देण्यात आले. स्तनकर्करोगाच्या एका रुग्णेत गाठ आक्रसली व तो परिणाम ११ महिने टिकला. त्या आधारे स्तनकर्करोगाच्या आणखी दहा रुग्णांना तीच मात्रा दिली गेली. त्यांपैकी एकीलाही तसा लाभ झाला नाही. पहिली गोष्ट वृत्तपत्रांत येते, दुसरी येत नाही.

पुढे २०१३ साली अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाने नवीन निदान झालेल्या ४३ स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी दोन ते सहा आठवडे रोज २ ग्रॅम लिमोनीन दिले. ते स्तनाच्या ऊतीत चांगल्या प्रमाणात साठते, हे काढलेल्या ऊतीच्या तपासणीत सिद्ध झाले, आणि पेशीविभाजनास चालना देणारे सायक्लिन डी-१ हे प्रथिन २२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण येथे द्रव्य इष्ट स्थानी पोहोचल्याचा प्रत्यक्ष पुरावा आहे. मात्र या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि प्रथिन घटणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. २ ग्रॅम शुद्ध लिमोनीन आणि चहात टाकलेली सालीची चिमूट यांचीही बरोबरी करता येणार नाही.

लिमोनीनचे निकटचे भावंड म्हणजे पेरिलिल अल्कोहोल. मुखाद्वारे दिले असता मळमळ व थकवा इतका येई, की रुग्णांना ते सोसवत नसे, आणि लाभही दिसला नाही. तेव्हा ब्राझीलमधील मेंदूशल्यविशारद क्लोव्हिस द फोन्सेका यांनी मेंदूतील पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोमा या दुर्धर अर्बुदासाठी ते नाकावाटे श्वासातून देण्यास प्रारंभ केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात काही रुग्णांत अर्बुदाची वाढ सहा महिने वा अधिक काळ थांबलेली दिसली. येथेही समांतर तुलनागट नव्हता. परंतु मुखावाटे निष्फळ ठरलेले द्रव्य नाकावाटे विचारात घेण्याजोगे ठरले, ही बाब नस्यकर्म करणाऱ्या वैद्यास निश्चितच विचारप्रवृत्त करील. नासामार्ग हा शिराकडे जाणारा मार्ग होय ही आपली जुनी धारणा आहे. तथापि यावरून संत्र्याचे तेल कोणीही नाकात घालू नये, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. चाचणीतील द्रव्य शुद्ध, सौम्य केलेले व नियंत्रित मात्रेत होते. बाजारातील सालीचे तेल श्लेष्मल त्वचेस प्रक्षोभक असते.

लिंबूवर्गीय पेक्टिन विशिष्ट प्रक्रियेने लहान तुकड्यांत मोडून दिल्यास पौरुष ग्रंथीच्या कर्करोगात पीएसए या निर्देशकाची वाढ मंदावते, असे २००३ साली दहा पुरुषांच्या छोट्या अभ्यासात दिसले. सात जणांत तसा परिणाम झाला. सामान्य पेक्टिनला हे लागू नाही.

लोकसमूहांच्या पाहण्यांपैकी एक येथे विशेष उल्लेखनीय आहे. ॲरिझोनातील २००० सालच्या पाहणीत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण जे लोक साल खात त्यांच्यात कमी आढळले. फळ व रस यांचा मात्र तसा संबंध दिसला नाही. त्वचा आणि मांसल भाग पृथक् मानणाऱ्या सुश्रुताची येथे आठवण होते. याच्या उलट, अमेरिकेतील एक लाखाहून अधिक परिचारिका व अन्य आरोग्यसेवकांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०१५) दिवसास १.६ पेक्षा अधिक वेळा जम्बीरवर्गीय फळे वा रस घेणाऱ्यांत मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग, आठवड्यातून दोनदाहून कमी घेणाऱ्यांच्या तुलनेने ३६ टक्क्यांनी अधिक आढळला. या फळांतील सोरॅलेन गटाची द्रव्ये सूर्यप्रकाशात त्वचेस संवेदनशील करतात, हे त्याचे संभाव्य कारण होय. ही पाहणी मुख्यतः गौरवर्णीयांची होती व आपल्या लोकांत हा रोग विरळ आहे, म्हणून भय नको. परंतु एकाच फळाच्या नावावर दोन्ही प्रकारचे निष्कर्ष आहेत, हे ध्यानात असावे.

औषधांशी संयोग

वैद्यांच्या दृष्टीने या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. १९९९ साली बेल्जियममधील संशोधकांनी स्तनार्बुद असलेल्या उंदरांना टॅमॉक्सिफेन दिले व काहींना त्यासोबत पिण्याच्या पाण्यातून टॅंजेरेटिन दिले. टॅंजेरेटिन प्रयोगनलिकेत कर्कपेशींना रोखत होते. त्यामुळे दोहोंचा मिळून अधिक लाभ होईल अशी अपेक्षा होती. घडले ते विपरीत. टॅमॉक्सिफेनचा प्रभाव नष्ट झाला. केवळ टॅमॉक्सिफेन दिलेल्या उंदरांचे मध्यम आयुर्मान ५६ आठवडे, तर टॅंजेरेटिन जोडलेल्यांचे अवघे १४ आठवडे भरले. हा प्रयोग उंदरांवरील आहे. तरीही टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीस सालीचे चूर्ण, अर्क वा वड्या औषध म्हणून देण्यास यापुढे कोणता आधार उरतो? जेवणानंतर संत्र्याच्या चार फोडी खाण्यास हरकत नाही, कारण टॅंजेरेटिन मुख्यतः सालीत असते.

दुसरा संयोग योगायोगाने उमगला. कॅनडातील डेव्हिड बेली व सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधाचा मद्याशी संबंध अभ्यासत होते. मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे वाढलेली आढळली. १९९१ साली हे सविस्तर प्रसिद्ध झाले. या रसातील बर्गामॉटिनादी फ्युरानोकुमारिने आतड्याच्या अस्तरातील सीवायपी३ए४ हा विकर कायमचा निकामी करतात. नवा विकर तयार होईपर्यंत, म्हणजे एक ते तीन दिवस, परिणाम टिकतो. त्यामुळे ‘औषध सकाळी व फळ संध्याकाळी’ ही तोड येथे चालत नाही. सिम्व्हास्टॅटिन, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, तसेच कर्करोगावरील इमॅटिनिब व निलोटिनिब या सर्वांना हा नियम लागू आहे. चंदीगड येथे १९९८ साली झालेल्या अभ्यासात अपस्माराच्या रुग्णांत कार्बामॅझेपिनची पातळी या रसाने सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. शिकागो विद्यापीठाने तर २०१२ साली याचाच उपयोग करून, रोज पेलाभर रसासोबत सिरोलिमस या औषधाची आठवड्याची मात्रा ९० मिलिग्रॅमवरून ३५ मिलिग्रॅम वा त्याहून खाली आणता येते, हे दाखविले. योग आणि विषमयोग यांत अंतर केवळ ज्ञानाचे आहे, ते असे.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसे खाल्ले जात नाही, परंतु त्याचे जनक असलेले पपनस कोकणात गणेशोत्सवाच्या सुमारास घरोघरी येते, आणि फ्युरानोकुमारिने त्यातही आहेत. मूत्रपिंड प्रतिरोपण झालेल्या रुग्णात पपनसामुळे टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याची नोंद आहे. अशा रुग्णांना भाद्रपदापूर्वीच सूचना द्यावी. नेहमीचे नागपुरी संत्रे व मोसंबी यांचा या बाबतीत विशेष उपद्रव नाही. कडू नारिंगाचा मात्र आहे.

औषधीनिर्मात्यांसाठी

आपल्या निर्माणशाळांत हिंगुळशोधनास, शंखवटीस व अनेक रसकल्पांच्या भावनेस निंबूरस लागतो. रस काढला की साल टाकून दिली जाते. वर वर्णिलेली बहुतेक द्रव्ये या टाकाऊ भागात आहेत. साल वापरात आणावयाची असेल, तर प्रथम फळ कोठले हे पाहावे. बाजारातील चकाकीसाठी मेण लावलेल्या वा बुरशीनाशकात बुडविलेल्या फळांची साल औषधास अयोग्य होय. कीटकनाशकांचे अवशेषही गराहून सालीत अधिक असतात. बागायतदाराकडून थेट माल घ्यावा व अवशेषांची तपासणी करून घ्यावी.

साल छायेत सुकवावी. उष्णतेने लिमोनीन उडून जाते, हेस्पेरिडिन मात्र राहते. त्यामुळे भट्टीत वाळविलेली साल व छायाशुष्क साल ही एक द्रव्ये मानू नयेत. क्वाथात हेस्पेरिडिन अल्पच उतरते, चूर्णात ते संपूर्ण येते. जपानी औषधिकोशात चिंपीसाठी हेस्पेरिडिनचे प्रमाण किमान ४ टक्के ठरविलेले आहे. आपल्या मालाची प्रत जोखण्यास हा मापदंड तूर्त उपयोगी पडेल. तेल ठेवायचे झाल्यास काठोकाठ भरलेल्या गडद बाटलीत, घट्ट बुचासह ठेवावे. हवेच्या संपर्काने लिमोनीनपासून जी द्रव्ये बनतात, त्यांनी हाताळणाऱ्या कामगारांच्या त्वचेस पुरळ उठते.

वेष्टनावर ‘कर्करोगावर गुणकारी’ असा मजकूर छापण्याचा आग्रह विक्रेत्यांकडून होतो. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत कर्करोगाचा स्पष्ट उल्लेख असल्याने असा दावा जाहिरातीत करणे हा गुन्हा आहे. त्याऐवजी ‘टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये’ ही एक ओळ मराठीत व ठळक अक्षरांत छापावी. तिला जागा फार लागत नाही.